पाळीच्या दुसऱ्या दिवसाची गोळी

अपत्यप्राप्तीसाठी तोंडाने घ्यायच्या औषधांत दोन नावे सर्वांत पुढे आहेत: क्लोमिफिन आणि लेट्रोझोल. दोन्ही गोळ्या लहान आणि बहुतेकांना परवडणाऱ्या. दोन्ही साधारणपणे पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सुरू करून पाच दिवस घ्यायच्या असतात. दोन्हींचे काम एकच: बीजांडकोशात स्त्रीबीज पिकवणे आणि ते बाहेर पडेल अशी स्थिती निर्माण करणे. तिथे पोहोचण्याची वाट मात्र वेगळी आहे, आणि या वेगळ्या वाटेमुळेच एकीचा उपयोग एका बाईला होतो, तर दुसरीचा दुसरीला.

वंध्यत्वाच्या ओपीडीत ‘मॅडम, यातली चांगली गोळी कुठली?’ हा प्रश्न रोज विचारला जातो. जावेला, मैत्रिणीला किंवा शेजारणीला जिचा गुण आला ती गोळी आपल्यालाही मिळावी, ही त्यामागची साधी इच्छा असते. अशा ओपीडीत काही वर्षे काढली की त्याचे उत्तर हळूहळू उलगडत जाते. गोळ्यांची तुलना करण्याआधी त्या ज्या जोडप्याला द्यायच्या ते जोडपे समजून घ्यावे लागते, आणि गोळी सुरू केल्यावर महिने मोजावे लागतात. एवढे केले नाही तर चांगली गोळीही वाया जाते, आणि तिच्यासोबत बाईच्या वयातली मोलाची वर्षेही.

गोळीच्या आधी

नियमित शरीरसंबंध असूनही वर्षभरात गर्भ राहिला नाही तर त्याला वंध्यत्व म्हणतात. बाईचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच तपासण्या सुरू कराव्यात, असा संकेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगातल्या दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी हा प्रश्न भेडसावतो.

ओपीडीत येणारे प्रत्येक जोडपे या व्याख्येत बसतेच असे नाही. लग्नाला जेमतेम चार महिने झालेली तेवीस वर्षांची मुलगी सासूबाईंबरोबर येते. तिला औषध नको असते, थोडी सवड हवी असते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याकडची कितीतरी जोडपी अशी की नवरा नोकरीसाठी मुंबईत आणि बायको गावी. केसपेपरवर ‘लग्नाला तीन वर्षे’ असे लिहिलेले असते, पण दोघांनी एकत्र काढलेले दिवस मोजले तर ते तीन-चार महिन्यांच्या वर जात नाहीत. त्यातही बीज बाहेर पडण्याच्या सुमाराचे दिवस अगदीच थोडे. ‘रजा गणपतीला आणि शिमग्यालाच मिळते, मॅडम,’ असे नवरा सांगतो. अशा वेळी गोळीच्या मात्रेपेक्षा रजेची तारीख महत्त्वाची ठरते.

गर्भधारणेसाठी मुख्यतः तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. स्त्रीबीज तयार होऊन बाहेर पडायला हवे, गर्भनलिका मोकळ्या हव्यात आणि वीर्यात पुरेसे सशक्त शुक्राणू हवेत. क्लोमिफिन आणि लेट्रोझोल यांपैकी फक्त पहिल्या गोष्टीवर काम करतात. नळ्या बंद असतील तर बीज पिकून उपयोग नाही. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हे नळ्या बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे, आणि तो बाहेरून काहीही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे राहू शकतो. म्हणून गोळ्यांचा फार काळ वापर होण्याआधी एचएसजी, म्हणजे नळ्यांचा एक्स-रे, करून घेतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या दोन रक्ततपासण्याही आधीच व्हाव्या लागतात. थायरॉइड बिघडल्यामुळे किंवा प्रोलॅक्टिन वाढल्यामुळे बीज तयार होत नसेल, तर इलाज त्या बिघाडाचा करायचा असतो. पुष्कळदा तेवढ्यानेच पाळी रुळावर येते.

वीर्य तपासणी ही सर्वांत सोपी आणि तरीही सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी. दोन ते सात दिवसांच्या खंडानंतर नमुना द्यायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषांनुसार दर मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात. त्यांची हालचाल आणि घडणही पाहतात.

हा क्रम चुकला की काय होते, ते एका फाइलीने फार स्पष्ट दाखवून दिले. दुसऱ्या एका दवाखान्यातून आलेली ती जाडजूड फाइल होती. आत टाचणीने जोडलेल्या अकरा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर क्लोमिफिन, तीच मात्रा, तेच पाच दिवस. सोनोग्राफीचा कागद एकच, तोही पहिल्या महिन्यातला. वीर्य तपासणीचा रिपोर्ट कुठेच नव्हता. नवऱ्याला विचारल्यावर तो संकोचून म्हणाला, ‘मला कोणी सांगितलंच नाही.’ दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. नमुन्यात शुक्राणू नव्हते. रिपोर्ट समजावून सांगितल्यावर बाई बराच वेळ त्या चिठ्ठ्यांकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘म्हणजे अकरा महिने मी एकटीच उपचार घेत होते.’ त्या अकरा महिन्यांत तिने गरम वाफा सोसल्या होत्या, दर पाळीला रडून घेतले होते आणि घरच्यांचे बोल ऐकले होते. औषधात कोणताही दोष नव्हता. ते चुकीच्या दारावर ठोठावत होते.

दोन गोळ्या, दोन वाटा

बीज पिकण्याचा कारभार मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडून चालतो. ती एफएसएच नावाचे संप्रेरक सोडते. त्याच्या जोरावर बीजांडकोशातली फॉलिकल, म्हणजे बीज धारण करणारी पाण्याची छोटी पुटके, वाढू लागतात. वाढणारी फॉलिकल इस्ट्रोजेन तयार करतात. रक्तातले इस्ट्रोजेन वाढले की ‘आता पुरे’ असा निरोप मेंदूला पोहोचतो आणि एफएसएच कमी होते. त्यामुळे सर्वांत पुढे गेलेले एकच फॉलिकल तगते, बाकीची मागे पडून विरून जातात. दर महिन्याला साधारण एकच बीज बाहेर पडते ते यामुळे. पीसीओएस (लोकांच्या तोंडी पीसीओडी) असलेल्या बायकांमध्ये पुष्कळ फॉलिकल छोटीच राहून अडकून पडतात आणि पुढे कोणीच जात नाही. मग पाळी दीड-दोन महिने लांबते, कधी सहा महिने येतच नाही.

क्लोमिफिन हे जुने औषध. ते 1956 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी येथील मेरेल कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. रॉबर्ट ग्रीनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये त्यामुळे स्त्रियांमध्ये बीज बाहेर पडते हे प्रसिद्ध केले, आणि 1967 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे औषध इस्ट्रोजेनच्या जागा अडवून बसते. मेंदूतल्या जागा अडल्या की रक्तात इस्ट्रोजेन असूनही मेंदूला ते कमीच वाटते. मग तो एफएसएच वाढवतो आणि फॉलिकल वाढीला लागतात. ज्या गटातले हे औषध आहे त्याच गटात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेले सेंटक्रोमन येते. सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने आशाताई जी गोळी देतात, ती हीच. एकाच गटातले एक औषध गर्भ राहावा म्हणून आणि दुसरे राहू नये म्हणून वापरले जाते. एका गटातली औषधेही शरीराच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी वागतात, याची ही साक्ष आहे.

क्लोमिफिनची अडचणही याच गुणातून येते. ते फक्त मेंदूतल्या जागा अडवून थांबत नाही. गर्भाशयाच्या अस्तरातल्या आणि गर्भाशयमुखाच्या स्रावाशी संबंधित जागाही अडवते. बीज छान तयार होते, पण काही बायकांमध्ये अस्तर पातळ राहते आणि स्राव घट्ट होतो. शिवाय ते शरीरात रेंगाळते. त्याच्या दोन घटकांपैकी एक अनेक आठवडे सापडतो. मेंदूतल्या जागा अडलेल्याच राहिल्याने ‘आता पुरे’ हा निरोप नीट पोहोचत नाही, आणि एकाऐवजी दोन-तीन फॉलिकल वाढू शकतात.

लेट्रोझोल मुळात कर्करोगाचे औषध. 1997 मध्ये अमेरिकेत त्याला पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली. टोरोंटोचे मोहम्मद मितवाली आणि रॉबर्ट कॅस्पर यांनी 2001 मध्ये बीज पिकवण्यासाठी त्याचा उपयोग दाखवला. ते इस्ट्रोजेनची जागा अडवत नाही. ज्या अरोमाटेज नावाच्या विकरामुळे इस्ट्रोजेन तयार होते त्यालाच काही दिवस थोपवते. इस्ट्रोजेन खरोखरच कमी होते, मेंदू एफएसएच वाढवतो आणि फॉलिकल वाढू लागते. पाच दिवसांनी गोळी बंद झाली की औषध लवकर निघून जाते. साधारण दोन दिवसांत रक्तातले प्रमाण निम्मे होते. मेंदूतल्या जागा मोकळ्याच असल्याने पुढचा निरोप वेळेवर पोहोचतो, आणि बहुधा एकच फॉलिकल पुढे जाते. अस्तरातल्या जागाही मोकळ्या राहतात.

या गोळ्या घेणाऱ्या बाईला एवढा तपशील ऐकायचा असतो का, असा प्रश्न नवे डॉक्टर विचारतात. अनुभव सांगतो की असतो. चिठ्ठीवरचे लेट्रोझोल औषधाच्या दुकानात ‘हे कॅन्सरचं आहे’ म्हणून सांगितले जाते आणि बाई घाबरून गोळ्या न घेताच पाकीट कपाटात ठेवते. पुढच्या महिन्यात सोनोग्राफीत काहीच दिसत नाही, आणि मग खरी गोष्ट कळते. दोन मिनिटे आधी समजावले असते तर तो महिना वाया गेला नसता.

सोनोग्राफीच्या खोलीत

गोळीने काम केले की नाही, हे सोनोग्राफीवर दिसते. बाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी, आत अंधारी थंड खोली, पडद्याच्या उजेडापुरता प्रकाश. पाळीच्या दहाव्या-अकराव्या दिवसापासून दिवसाआड तपासणी सुरू होते. हिलाच ओपीडीत ‘फॉलिक्युलर स्टडी’ म्हणतात. बाईने लघवी करून यायचे असते, कारण योनीमार्गातून तपासणी करताना मूत्राशय रिकामे लागते. पडद्यावर फॉलिकल काळ्या वाटोळ्या डागासारखे दिसते. त्याच्या दोन दिशांना मापाच्या खुणा ठेवतात आणि सरासरी काढतात. डॉक्टर आकडे सांगते, परिचारिका लिहून घेते: ‘दिवस बारावा. उजवीकडे सतरा, डावीकडे अकरा. अस्तर साडेसात, तीन रेषा दिसतात.’

झोपलेल्या बाईला या आकड्यांचा अर्थ एव्हाना पाठ झालेला असतो. साधारण 18 ते 20 मिलिमीटरचे फॉलिकल पिकलेले मानतात. अस्तर सात-आठ मिलिमीटर असेल तर चांगले. फॉलिकल योग्य आकाराचे झाले की काही जणींना एचसीजीचे इंजेक्शन देतात, आणि त्यानंतर सुमारे 36 तासांनी बीज बाहेर पडते. पुढच्या तपासणीला तो वाटोळा डाग आकसलेला आणि गर्भाशयामागे थोडे पाणी दिसले की ‘अंडं फुटलं’ असे सांगतात. बाई मान वळवून पडद्याकडे पाहते आणि विचारते, ‘फुटलं ना, ताई?’ ‘फुटलं’ हा एक शब्द ऐकून तिच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो त्याची सवय काम करणाऱ्यांना कितीही वर्षे झाली तरी होत नाही. म्हणूनच ‘अंडं फुटलं म्हणजे दिवस गेले असं नव्हे’ हे वाक्य तेव्हाच, पण मायेने, सांगावे लागते. सगळे सुरळीत असलेल्या तरुण जोडप्यातही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता साधारण पाचात एक ते चारात एक एवढीच असते.

ही तपासणी कंटाळवाणी वाटली तरी पहिल्या महिन्यात ती टाळू नये. क्लोमिफिनवर तीन-चार फॉलिकल पिकलेली दिसली तर त्या महिन्यात संबंध टाळायला सांगावे लागते, कारण जुळ्या-तिळ्यांचा धोका असतो. अस्तर पातळ दिसले तर पुढच्या महिन्यात गोळी बदलावी लागते. फॉलिकल वाढलेच नाही तर मात्रा वाढवतात: क्लोमिफिन 50 वरून 100 आणि 150 मिलिग्रॅम, लेट्रोझोल 2.5 वरून 5 आणि 7.5 मिलिग्रॅम. ज्यांना सोनोग्राफीसाठी वारंवार येणे जमत नाही, तालुक्याहून दोन एसटी बदलून येणाऱ्या बायका त्यात पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी केलेली प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी बीज बाहेर पडल्याचे सांगू शकते.

आकडे काय सांगतात

पीसीओएसमध्ये कोणती गोळी द्यावी यावर अमेरिकेत रिचर्ड लेग्रो यांच्या नेतृत्वाखाली दोन मोठे अभ्यास झाले. 2007 च्या पहिल्या अभ्यासात 626 बायका होत्या. फक्त क्लोमिफिन घेणाऱ्यांपैकी 22.5 टक्के जणींना बाळ झाले, फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी 7.2 टक्के आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांपैकी 26.8 टक्के. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध पीसीओएसमध्ये सर्रास दिले जाते. साखर आणि वजन यांच्या दृष्टीने त्याचा उपयोग आहे, पण बाळ होण्यासाठी एकट्या मेटफॉर्मिनवर विसंबणे पुरेसे नाही, हे यातून दिसले.

2014 च्या दुसऱ्या अभ्यासात 750 बायकांना पाच पाळीचक्रांपर्यंत क्लोमिफिन किंवा लेट्रोझोल दिले. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के आणि क्लोमिफिन घेणाऱ्यांपैकी 19.1 टक्के जणींना बाळ झाले. जुळ्यांचे प्रमाण लेट्रोझोलवर 3.4 आणि क्लोमिफिनवर 7.4 टक्के होते, मात्र गर्भधारणांची संख्या लहान असल्याने हा फरक ठामपणे सिद्ध झाला असे म्हणता आले नाही. यानंतर पीसीओएसच्या 2018 आणि 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत बीज पिकवण्यासाठी लेट्रोझोलला पहिली पसंती मिळाली.

कारण सापडत नाही अशा वंध्यत्वात मात्र चित्र पालटते. तिथे बाईला दर महिन्याला बीज आधीच तयार होत असते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अशा 900 जोडप्यांच्या अमेरिकी अभ्यासात आययूआयबरोबर, म्हणजे धुतलेले वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याबरोबर, चार चक्रांपर्यंत औषधे दिली. लेट्रोझोलच्या गटात 18.7, क्लोमिफिनच्या गटात 23.3 आणि गोनॅडोट्रोपिनच्या इंजेक्शनांच्या गटात 32.2 टक्के जोडप्यांना बाळ झाले. इंजेक्शनांच्या गटात जुळ्या-तिळ्यांचे प्रमाण मात्र फार मोठे होते. स्कॉटलंडमध्ये 580 बायकांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा धडा आणखी नेमका आहे. सहा महिने नुसते थांबलेल्या गटात 17 टक्के जणींना बाळ झाले, क्लोमिफिन घेतलेल्या गटात 14 टक्के. बीज होतच असेल तर नुसती गोळी फारसे काही देत नाही.

हे सगळे निकाल एकत्र ठेवले तर ‘चांगली गोळी कुठली’ याचे उत्तर मिळते. पीसीओएस असेल, पाळी लांबत असेल, तर लेट्रोझोल पुढे. कारण सापडलेले नसेल तर लेट्रोझोलला तो मान मिळत नाही, आणि आययूआयशिवाय दिलेली कोणतीच गोळी विशेष कामाची नाही. वजन फार घटल्यामुळे किंवा पियुषिकेच्या बिघाडामुळे इस्ट्रोजेनच अत्यल्प असेल, किंवा बीजांडकोशातला साठाच संपत आला असेल, तर दोन्ही गोळ्यांकडून आशा ठेवू नये.

बंदीची वर्षे

भारतात या तुलनेला एक वेगळा अध्याय आहे. 2005 मध्ये कॅनडातल्या एका गटाने लेट्रोझोलनंतर जन्मलेल्या सुमारे दीडशे बाळांची माहिती परिषदेत मांडून जन्मजात व्यंगांची शंका उपस्थित केली, आणि औषध बनवणाऱ्या कंपनीने ते गर्भधारणेसाठी वापरू नये असा इशारा दिला. पुढच्याच वर्षी कॅनडात 911 बाळांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्यंगांचे प्रमाण लेट्रोझोलनंतर 2.4 आणि क्लोमिफिननंतर 4.8 टक्के आढळले. म्हणजे लेट्रोझोलमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. तरी ऑक्टोबर 2011 मध्ये भारत सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोलच्या वापरावर बंदी घातली. ती 2017 मध्ये उठली.

मधली ती वर्षे ओपीडीत जाणवण्याजोगी होती. आधी लेट्रोझोलवर छान बीज होत असलेल्या बायकांना पुन्हा क्लोमिफिनवर आणावे लागले. क्लोमिफिनवर अस्तर पातळ राहणाऱ्यांना थेट इंजेक्शनांकडे जावे लागले, आणि तो खर्च अनेक घरांना झेपणारा नव्हता. 2014 चा निकाल आला तेव्हा जगभरचे डॉक्टर लेट्रोझोलकडे वळत होते आणि भारतात तेच औषध या कामासाठी देता येत नव्हते. ज्यांनी त्या काळात आपली तिशी ओलांडली त्या बायकांचे महिने परत आले नाहीत. सुरक्षिततेची शंका आली की तपास व्हायलाच हवा; पण पुरावा हाती आल्यावर निर्णयाचा फेरविचारही तेवढ्याच तत्परतेने व्हावा, हा त्या काळाचा धडा आहे.

शंकेमागचा एक मुद्दा मात्र आजही पाळायचा आहे. गर्भ असताना लेट्रोझोल पोटात जाता कामा नये. पाळीच्या सुरुवातीला घेतले तर गर्भ रुजण्याच्या वेळेपर्यंत ते शरीराबाहेर गेलेले असते. पण कधीकधी गर्भ राहिल्यावर होणारा थोडा रक्तस्राव पाळीच समजला जातो. म्हणून ‘या वेळी अगदीच कमी गेलं’ असे बाईने म्हटले की गोळी देण्याआधी लघवीची गर्भतपासणी करून घ्यावी.

त्रास आणि काळजी

क्लोमिफिनवर अंगातून गरम वाफा येणे, चिडचिड, पोट फुगणे हे त्रास होतात. क्वचित डोळ्यांसमोर ठिपके किंवा चमक दिसते, नजर धूसर होते. तसे झाले तर गोळी तिथेच थांबवून पुन्हा देऊ नये. लेट्रोझोलवर थकवा आणि चक्कर जास्त जाणवते. दोन्हींवर बीजांडकोश धोकादायक सुजण्याची शक्यता इंजेक्शनांपेक्षा बरीच कमी आहे, पण पोट एकदम फुगले, दुखले किंवा धाप लागली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. वजन जास्त असलेल्या पीसीओएसच्या बाईने पाच ते दहा टक्के वजन उतरवले तर कित्येकदा बीज आपोआप होऊ लागते. गोळ्यांना प्रतिसादही वाढतो. हे सांगताना तिला दोषी वाटणार नाही अशी भाषा वापरावी लागते. ‘जाड आहेस म्हणून मूल नाही’ हे वाक्य तिने घरी आधीच ऐकलेले असते.

पुरुषांमध्येही काही डॉक्टर क्लोमिफिन लहान मात्रेत देतात, कारण त्याने त्यांच्याही शरीरात एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन वाढते. तो उपयोग निवडक पुरुषांपुरता आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच आहे. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना मात्र आवर्जून सांगावे लागते की त्यांमुळे शुक्राणू वाढत नाहीत. उलट ते बनणेच थांबू शकते.

महिने मोजणे

गोळी लागू पडली तर बहुतेक गर्भधारणा पहिल्या तीन ते सहा चक्रांत होतात. 1994 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने बारा किंवा अधिक चक्रे क्लोमिफिन घेतलेल्यांत बीजांडकोशाच्या गाठींचा धोका वाढल्याची शंका घेतली. नंतरच्या बहुतेक अभ्यासांनी दिलासा दिला, पण सहा चक्रांच्या आसपास थांबून फेरविचार करण्याची रीत रूढ झाली, आणि ती योग्य आहे. बीजच होत नसेल तर सर्वांत मोठ्या मात्रेपर्यंत जाऊन गोळी बदलावी. बीज होत असूनही सहा महिन्यांत गर्भ राहिला नाही तर तीच गोळी सातव्यांदा लिहिण्यात अर्थ नाही. पुढे आययूआय, इंजेक्शने, पीसीओएसमध्ये दुर्बिणीतून बीजांडकोशावर केले जाणारे ड्रिलिंग किंवा आयव्हीएफ असे मार्ग असतात. 37 वर्षांच्या बाईला गोळ्यांवर सहा महिने ठेवणेही बहुधा जास्तच होते; तिच्यासाठी दोन-तीन चक्रे पुरेशी.

थांबण्याची ही वेळ ठरवणे बाईच्या हातात नसते, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या हातूनही ती निसटते, कारण गोळी स्वस्त असते, पुन्हा लिहायला सोपी असते आणि दर महिन्याला थोडी आशा देते. म्हणून अशा ओपीडीत केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात पहिल्याच भेटीत तीन गोष्टी लिहिण्याची सवय फार उपयोगी पडते: नवऱ्याच्या तपासणीची तारीख, चक्राचा क्रमांक आणि गोळ्या थांबवून पुढचा विचार करायचा महिना. ती तारीख नवरा-बायको दोघांना वाचून दाखवायची. मग गोळी लेट्रोझोल असो की क्लोमिफिन, तिला ठरलेल्या महिन्यापर्यंत पुरेपूर संधी मिळते, आणि तो महिना उलटला की जोडप्याला पुढचा रस्ता दाखवायला वेळ हाताशी उरतो.